दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पापुद्रा आलेला ब्लू टँग

“आमच्याकडे बडोद्याच्या कारेलीबागेत २५० लिटरची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आहे, पुढच्या महिन्यात तिला दोन वर्षे होतील. तिच्यात एक ब्लू टँग, क्लाउनफिशची जोडी आणि तीन आठवड्यांपूर्वी आणलेला एक बटरफ्लायफिश आहे. प्रवाळ नाहीत, फक्त दगड आणि वाळू आहे. बारा दिवसांपूर्वी टँगच्या दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पापुद्रा दिसू लागला. तो दगडाला अंग घासतो, डोके झटकतो, खातो पण घास चुकतो. चार दिवसांपूर्वी एका क्लाउनचा डावा डोळाही धुरकट झाला. दुकानदाराने निळे औषध दिले, ते दोनदा पेटीत टाकले, पण फरक पडला नाही. काल प्रथमच पाण्याची चाचणी केली, तर अमोनिया ०.५ आला आणि क्षारता १.०२८ निघाली. सासूबाई चिमूटभर हळद टाकायला सांगतात, तर यजमान म्हणतात की कावी-कंबोईहून खरे समुद्राचे पाणी आणू. मासा आंधळा होईल का? नेमके काय करावे?”

आपल्या पत्राचे सविस्तर उत्तर पुढे देतोच, पण काही गोष्टी आज रात्रीच करायच्या आहेत, म्हणून त्या आधी सांगतो. निळ्या औषधाचा तिसरा डोस टाकू नका. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. तो निळा रंग एक-दोन दिवसांत बराचसा ओढून घेईल. माशांचे खाणे निम्म्यावर आणा. मीठ मिसळून चांगले ढवळलेले ६० लिटर पाणी उद्यासाठी तयार ठेवा, मात्र ते १.०२८ चे न ठेवता १.०२३ चे ठेवा (हा आकडा मिठामुळे पाणी साध्या पाण्याच्या किती पट जड झाले ते सांगतो). रोज ६० लिटर काढून तेवढेच घालत गेलात, तर तीन दिवसांत पेटी १.०२५ च्या आसपास उतरेल आणि सध्याच्या अमोनियाचा निम्म्याहून अधिक भागही बाहेर जाईल. क्षारता उतरवणे माशांना चढवण्याइतके जड जात नाही, तरी एका दिवसात सगळी उतरवण्याची घाई करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे माणसाच्या किंवा गुराच्या डोळ्यात ‘फूल पडले’ असे म्हणतात, आणि ते का पडले हे डोळा तपासल्यावरच कळते. काटा लागला असेल, जंतू शिरला असेल किंवा खाण्यात काही कमी असेल. माशाचेही तसेच आहे. डोळा धुरकट होणे हा आजार नसून आजाराची खूण आहे, आणि एकाच खुणेमागे पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात, ज्यांचे उपाय एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. त्यामुळे ‘डोळे पांढरे झाल्याचे औषध द्या’ म्हणून दुकानातून बाटली आणणे आणि ‘पोट दुखते, औषध द्या’ म्हणून गोळी आणणे यांत काही फरक नाही. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत औषध आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम इतक्यांदा दिसतो की मला त्याची मनापासून काळजी वाटते.

माशाला आपल्यासारख्या पापण्या नसतात. त्याचे पारपटल, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा, दिवसरात्र थेट पाण्याशी भिडलेला असतो. शिवाय समुद्रातल्या हाडांच्या माशाच्या रक्तात समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच क्षार असतात. म्हणजे त्या पातळ पडद्याच्या एका बाजूला खारट समुद्र आणि दुसऱ्या बाजूला बरेच अळणी शरीर असते, आणि पडद्यावरची पेशींची अखंड कातडी हा तोल सांभाळत असते. ती कातडी कशानेही खरवडली, भाजली किंवा कुरतडली गेली की पडद्यातल्या पाण्याचे आणि क्षारांचे प्रमाण बिघडते, आणि पारदर्शक पडदा दुधाळ दिसू लागतो. आपल्याला जो ‘पापुद्रा’ दिसतो, तो बहुधा बाहेरून आलेला थर नसून हा बिघडलेला पडदाच असतो, त्यामुळे तो पुसून किंवा थेंब घालून निघण्यासारखा नसतो.

म्हणून आधी नीट पाहायला हवे. रात्री पेटीचा दिवा मालवून अर्धा तास जाऊ द्या, मग एक बारीक टॉर्च काचेला टेकवून माशाच्या डोळ्यावर समोरून नव्हे तर बाजूने, तिरका उजेड पाडा. धूसरपणा अगदी वरच्या पृष्ठभागावर आहे की आत, बाहुलीच्या पाठीमागे, हे अशा उजेडात स्पष्ट दिसते. वरचा पडदा स्वच्छ असून आतले भिंगच पांढऱ्या मण्यासारखे दिसत असेल, तर तो मोतीबिंदू असतो. त्यामागे वय किंवा दीर्घकाळ निकृष्ट आहार असतो, आणि त्यावर पाण्यात टाकण्याचे कोणतेच औषध चालत नाही. वरचा पडदा धूसर असेल तर पुढचा प्रश्न विचारावा: एक डोळा की दोन्ही? एकाच माशाचा एकच डोळा गेला असेल, तर दहांपैकी आठ वेळा दगडावर आपटणे, जाळ्यात खरचटणे किंवा सोबतच्या माशाने टोचणे हेच कारण निघते, आणि तेथे स्वच्छ पाणी व एक-दोन आठवड्यांचा संयम हाच उपाय असतो. दोन्ही डोळे गेले असतील, तर कारण पाण्यात, परोपजीवींत किंवा सर्व शरीरात शोधावे लागते. डोळा धूसर असण्याबरोबर खोबणीतून पुढे आलेला असेल, तर तो प्रकार आणखी वेगळा. त्याविषयी पुढे लिहितो.

आपल्या पत्रातील तारखा मी कागदावर मांडून पाहिल्या, आणि माझ्या मते या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती त्या तारखांतच आहे. बटरफ्लायफिश तीन आठवड्यांपूर्वी आला. त्यानंतर नऊएक दिवसांनी टँगचे डोळे बिघडले. त्यानंतर आठ दिवसांनी क्लाउनचा एक डोळा बिघडला. निळे औषध मध्ये दोनदा पडले, आणि अमोनियाची चाचणी सर्वांत शेवटी झाली. मी समजतो ते निळे औषध मिथिलीन ब्लू असावे. ते अंड्यांवरील बुरशीसाठी किंवा छोट्या टबात उपयोगी पडते, पण मोठ्या पेटीत टाकले की दगडांवर आणि फिल्टरमध्ये राहणारे, अमोनिया पचवणारे उपयुक्त जीवाणूही त्याने मरतात. म्हणजे दोन वर्षे नीट चाललेल्या पेटीत आज जो अमोनिया दिसतो आहे, तो डोळे बिघडण्याचे कारण नसून त्यावर केलेल्या उपायाचा परिणाम असण्याची शक्यता मला अधिक वाटते. दुसरी शंका अशी की ही चाचणी रंग पाहून वाचायची असते, आणि पाणीच निळसर असेल तर रंग गडद भासतो. पुढच्या वेळी एका नळीत चाचणीचे थेंब न घालता नुसते पेटीचे पाणी घ्या आणि ती शेजारी धरून तुलना करा.

याचा अर्थ ०.५ हा आकडा सोडून द्यावा असा मुळीच नाही. गोड्या पाण्याच्या पेटीत पीएच ७ असताना जेवढा अमोनिया चालून जातो, तेवढाच समुद्री पेटीत ८.२ पीएचला दहापटींहून अधिक विषारी ठरतो, कारण पीएच चढला की त्याचा विषारी, वायुरूप अंश वाढतो. त्याने कल्ले भाजतात, डोळ्यांवरची कातडीही भाजते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा आमच्या भागात वीज नव्हती आणि माझ्या पेटीतले पाणी दीड दिवस जवळजवळ स्थिर राहिले. बॅटरीवरचा हवेचा एक पंप तेवढा चालू होता. वीज आली त्या सकाळी पेटीतल्या पाचही माशांचे डोळे वाफ बसलेल्या चष्म्यासारखे झाले होते. मी एकही औषध टाकले नाही. सलग सहा दिवस पाणी बदलले, आणि दहाव्या दिवशी पाचही जणांचे डोळे निवळले. त्या प्रसंगातून एक खूण माझ्या मनात पक्की बसली: पाणी बिघडते तेव्हा सगळ्यांचे डोळे एकदम जातात. आपल्याकडे तसे झालेले नाही. आधी एक मासा, मग आठ दिवसांनी दुसरा, आणि मध्ये अंग घासणे व डोके झटकणे. ही चाल एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या परोपजीवीची आहे.

माझा पहिला संशय फ्लूक म्हणतात त्या चपट्या कृमीवर आहे, त्यातही निओबेनेडेनिया या जातीवर. तो समुद्री माशांच्या कातडीवर आणि डोळ्यांवर बसतो, मागच्या बाजूच्या आकड्यांनी घट्ट धरतो आणि वरच्या पेशी व बुळबुळीत आवरण खातो. पूर्ण वाढलेला कृमी काही मिलिमीटरांचा, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसण्याएवढा असतो, आणि तरीही माशावर तो दिसत नाही, कारण तो जिवंतपणी काचेसारखा पारदर्शक असतो. त्याची अंडी चिकट धाग्यांनी दगडांना, जाळ्यांना आणि पाइपांना अडकून राहतात. पाण्याच्या उबेनुसार साधारण आठवडाभरात त्यांतून पिल्ले निघतात आणि एक-दोन दिवसांत मासा गाठतात. आणखी वाईट म्हणजे हा कृमी उभयलिंगी आहे. एकटाच आला तरी पुढची पिढी घालू शकतो. नवा मासा वेगळा न ठेवता थेट पेटीत सोडला की तो सोबत येतो, आणि बटरफ्लायफिश बाहेरून निरोगी दिसत असला तरी तोच वाहक असू शकतो.

संशय खरा की खोटा हे ठरवण्याची एक चाचणी घरच्या घरी होते, आणि ती औषधाची नव्हे, गोड्या पाण्याची आहे. एक स्वच्छ, शक्यतो गडद रंगाची बादली घ्या, जिने कधी साबण किंवा फिनेल पाहिलेले नाही. तिच्यात आरओचे पाणी भरा, हीटर लावून ते पेटीच्या पाण्याएवढे कोमट करा, खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालून पीएच पेटीएवढा आणा आणि तासभर हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा) चालू ठेवा. नळाचे पाणी वापरायचे असेल तर क्लोरीन काढणारे द्रव आधी मिसळा. टँगला जाळ्याने पकडू नका. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सुरीसारखे काटे असतात, ते जाळ्यात अडकतात आणि आधीच दुखावलेले डोळे आणखी खरचटतात. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरा आणि दुसऱ्या हाताने त्याला हळूच आत वळवा. मग त्याला बादलीत पाच मिनिटे राहू द्या. घड्याळ हातात हवे आणि नजर माशावरून हलता कामा नये. पहिल्या मिनिटात तो बहुधा आडवा पडेल. ब्लू टँगची ती खोडच आहे, त्याने घाबरू नका. कल्ले हलत असतील तर चालू द्या. कल्ले मंदावले, किंवा मासा धडपडून बाहेर उडू लागला, तर पाच मिनिटे व्हायची वाट न पाहता लगेच खाऱ्या पाण्यात परत सोडा.

मी ही चाचणी पहिल्यांदा केली तेव्हा तिसऱ्या मिनिटापर्यंत काहीच दिसले नव्हते, आणि मी उगीच माशाला छळले असे वाटून मन खट्टू झाले होते. मग त्याच्या डोळ्याच्या कडेला एक पांढरा ठिपका उमटला, जणू कोणी आतून खडू टेकवला असावा. पाहता पाहता तो ठिपका तिळाएवढा झाला, कडेने उचकटला आणि गिरक्या घेत खाली गेला. पाचव्या मिनिटाला बादलीच्या काळ्या तळाशी संक्रांतीच्या हलव्याला लागतात तसे अकरा पांढरे तीळ पडलेले होते; त्यांतले दोन-तीन अजून आकुंचन पावत होते. गोड्या पाण्यात हे कृमी फुगून मरतात आणि मरताना अपारदर्शक होतात, म्हणून ते तेव्हाच दिसतात. आपल्या बादलीत असे तीळ दिसले, तर निदान झाले असे समजा, आणि माशाला त्याच क्षणी थोडा आरामही पडलेला असतो. पण हा उपचार नव्हे. सगळे कृमी गळून पडत नाहीत, कल्ल्यांच्या आत दडलेले राहतात, आणि पेटीतली अंडी तर तशीच असतात.

तीळ निघाल्यास चारही माशांना एकदम बाहेर काढावे लागेल; ज्याचे डोळे स्वच्छ दिसतात त्यालाही, कारण एकही मासा पेटीत राहिला तर अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांना घर मिळते. १०० लिटरचा एक साधा टब किंवा रिकामी काचपेटी घ्या. वाळू नको, दगड नको. लपायला नळकामाच्या दुकानातले मोठ्या व्यासाचे पीव्हीसी एल्बो दोन-तीन टाका. फिल्टरसाठी स्पंज, हीटर आणि जोरात चालणारा हवेचा दगड पुरे. हवेवर मी इतका भर देतो, कारण २८ अंशांच्या समुद्री पाण्यात मुळातच लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आत प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यापेक्षा बराच कमी, आणि औषध पडल्यावर पाण्यात जीवाणू वाढून तो आणखी घटतो.

फ्लूकवरचे औषध प्राझिक्वांटेल हे आहे. लिटरमागे २.५ मिलिग्रॅम हे प्रमाण सर्रास वापरले जाते. म्हणजे आपल्या १०० लिटरच्या टबाला २५० मिलिग्रॅम लागेल. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषध आणि मात्रा पशुवैद्याला दाखवूनच घ्यावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जवळपास मासे पाहणारे कोणी न मिळाल्यास आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येईल, ते आपल्यापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. शुद्ध पावडर मिळाली तर उत्तम, कारण माणसांच्या गोळीत इतर पूरक द्रव्ये असतात आणि ती पाणी गढूळ करतात. हे औषध पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून बाटलीत थोडे कोमट पाणी घेऊन, त्यात घालून, भरपूर हलवावे आणि मग टबात सगळीकडे फिरवून ओतावे. त्या काळात टबात कार्बन नसावा, नाहीतर औषध तोच गिळेल. मासे एक-दोन दिवस कमी खातील. अमोनिया रोज सकाळी मोजा आणि ०.२५ दिसला तरी पाणी बदला. बदललेल्या पाण्याच्या हिशेबाने औषधही पुन्हा घालावे लागते, हे विसरले जाते.

अंडी या औषधाने मरत नाहीत. म्हणून सातव्या दिवशी टबातले जवळजवळ सगळे पाणी बदलून, टबाच्या भिंती पुसून, दुसरी मात्रा द्यायची असते. मधल्या आठवड्यात फुटलेली पिल्ले मोठी होऊन नवी अंडी घालण्याआधी ती त्यांना गाठते. पहिल्या मात्रेने माशाचे घासणे थांबते, डोळे निवळू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी ‘आता बरा झाला’ म्हणून दुसरी मात्रा टळते. तीन आठवड्यांनी तेच पत्र पुन्हा येते. तोवर मोठी पेटी माशांवाचून किमान दीड महिना रिकामी राहू द्या. फिल्टर चालू ठेवा, आणि मारलेले जीवाणू पुन्हा वाढावेत म्हणून दोन-तीन दिवसांआड खाण्याची चिमूट टाकत राहा.

आता बादलीत काहीच पडले नाही तर काय? मग टँगच्या अंगाकडे त्याच तिरक्या टॉर्चने पाहा. अंगावर, पंखांवर सुटे सुटे मिठाचे दाणे चिकटल्यासारखे दिसत असतील तर तो समुद्री इच, म्हणजे परोपजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा आजार. आणि दाणे नसून पिठाची बारीक भुकटी फवारल्यासारखी दिसत असेल, मासा उजेड टाळत असेल, पाण्याच्या झोताशी तोंड करून धापा टाकत असेल, तर तो व्हेल्व्हेट, हाही परोपजीवीचाच आजार. कल्ल्यांची उघडझाप मिनिटभर मोजा. ८० च्या वर असेल तर सकाळची वाट पाहू नये, कारण व्हेल्व्हेट दोन-तीन दिवसांत पेटी रिकामी करतो. या दोन्हींवर तांब्याचे औषध चालते, तेही फक्त टबात आणि तांबे मोजण्याची चाचणी हाताशी ठेवूनच. मोठ्या पेटीत तांबे टाकले तर दगड आणि वाळू ते शोषून घेतात, मात्रा हातात राहत नाही आणि त्या पेटीत पुढे कोळंबी किंवा प्रवाळ ठेवणे अवघड होते. तांबे फ्लूकला मारत नाही आणि प्राझिक्वांटेल इचला मारत नाही, म्हणून दोन्ही सोबत टाकून पाहण्यात काही अर्थ नाही.

प्रतिजैविकाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण दुकानात पुढची बाटली तीच दाखवतील, म्हणून सांगून ठेवतो. डोळा नुसता धुरकट आहे तोवर प्रतिजैविकाची गरज बहुधा नसते. डोळा पुढे आला, त्यात रक्त दिसले, पडद्यावर खड्डा पडला, किंवा माशाने खाणे सोडले, तर जंतुसंसर्ग झाला असे समजून पशुवैद्याकडे जावे. टेट्रासायक्लीन जातीची औषधे समुद्री पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतात, आणि एरिथ्रोमायसिन ज्या गटावर चालते त्या गटातले जंतू समुद्री माशांच्या आजारांत क्वचित असतात. तेथे व्हिब्रिओसारखे दुसऱ्या गटातले जंतू अधिक असतात. त्यामुळे गोड्या पाण्याच्या माशांसाठी विकली जाणारी पिवळी कॅप्सूल आपल्या पेटीत फोडून ओतली तर मरतील ते उपयुक्त जीवाणूच. माणसांचे डोळ्यांत घालायचे थेंबही पाण्यात क्षणात धुऊन जातात. माशाला हातात धरून ते घालण्याच्या खटाटोपात उरलासुरला पडदाही खरवडला जातो.

सासूबाईंची माया मला समजते, कारण आमच्याही घरी जखमेवर पहिली हळदच लागते. पण जखमेवर लावलेली हळद जागच्या जागी राहते, आणि पाण्यात टाकलेली हळद विरघळत नाही. तिचे कण कल्ल्यांत जातात आणि उरलेले तळाशी कुजून अमोनियात भर घालतात. त्यांना एक काम मात्र आवर्जून सांगा: रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी कल्ल्यांची उघडझाप मोजून वहीत लिहिणे. वडीलधाऱ्या माणसांची नजर आणि नियम दोन्ही पक्के असतात, आणि ती वही पशुवैद्याला फार उपयोगी पडेल. यजमानांना सांगा की कावी-कंबोईचे पाणी खरे समुद्राचे असले तरी आपल्या माशांच्या समुद्राचे नाही. जी भरती दिवसातून दोनदा स्तंभेश्वराचे देऊळ बुडवते, ती खंभातच्या आखाताचा गाळ ढवळूनच येते. शिवाय तेथेच मही नदी समुद्राला मिळते, त्यामुळे त्या पाण्याची क्षारता ऋतूप्रमाणे बदलते. प्रवाळांच्या निवळ पाण्यात वाढलेल्या टँगच्या दुखऱ्या डोळ्यांना तो गाळ सोसणार नाही.

१.०२८ कसे झाले, तेही पाहायला हवे. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, पेटीवर पंखा लावलेला असतो, आणि रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जाते. मीठ मात्र मागेच राहते. उडालेल्या पाण्याची भरपाई नुसत्या आरओच्या पाण्याने रोज करावी, मिठाच्या पाण्याने नव्हे. काचेवर पाण्याच्या पातळीशी स्केचपेनची एक रेघ मारून ठेवलीत, तर हे काम घरातील कोणीही करू शकेल.

खाण्यात सध्या टँगला नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे, तुकडे क्लिपला लावून नेहमी एकाच जागी द्या, म्हणजे नीट दिसत नसले तरी जागा सवयीने सापडेल. गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, वितळवून, त्यावर जीवनसत्त्वांचे थेंब घालून, दहा मिनिटांनी द्यावे. जीवनसत्त्व अ आणि रायबोफ्लेविन यांच्या अभावाने माशांचे डोळे बिघडतात, हे मत्स्यशेतीत पूर्वीच दिसून आले आहे, आणि वर्षभर उघड्या पडलेल्या डब्यातल्या गोळ्यांत ती फारशी उरलेली नसतात.

आंधळा होईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकतो. कारण वेळीच दूर झाले तर पारपटल पुन्हा भरून येते. दोन आठवड्यांत धूसरपणा विरळ होऊ लागावा आणि महिन्याभरात डोळा बराचसा निवळावा. पडद्यावर खोल खड्डा पडला असेल तर पांढरा वण कायमचा राहू शकतो. तेवढ्याने मासा दगावत नाही; एका डोळ्याने, क्वचित दोन्ही डोळे गेल्यावरही, ठरलेल्या जागी खाणे मिळाले तर तो वर्षानुवर्षे जगतो. आपला टँग अजून खातो आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

दुसऱ्या मात्रेनंतर आठ-दहा दिवस गेले की टँग आणि बटरफ्लायफिश या दोघांना पुन्हा एकेकदा गोड्या पाण्याच्या बादलीत पाच मिनिटे ठेवा. तळाशी एकही तीळ पडला नाही, तर मोठ्या पेटीचा दीड महिना पूर्ण होताच चौघांना घरी न्या. संध्याकाळी, दिवे मालवून, टबातले पाणी सोबत न ओतता. एक जरी पडला, तर तिसरी मात्रा द्या आणि दीड महिन्याचे दिवस त्या तारखेपासून पुन्हा मोजा. बादलीत काय दिसले ते मला जरूर कळवा. तीळ मोजून आकडा लिहिलात तर पुढचे सांगणे सोपे जाईल.